निकाल बॉनमध्ये लागला

11 मे 1997 रोजी न्यूयॉर्कच्या इक्विटेबल सेंटरमध्ये गॅरी कास्पारोव्हने अवघ्या 19 चालींनंतर डाव सोडला आणि आयबीएमच्या डीप ब्लू या यंत्राने सहा डावांचा सामना साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी जिंकला. यंत्राने बुद्धिबळात माणसाला केव्हा मागे टाकले असे कुणालाही विचारले, तर हीच तारीख सांगितली जाते. तारीख खरी आहे, गुणसंख्याही खरी आहे, पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मला मान्य नाही. त्या आठवड्यात एका कंपनीच्या उत्तम तयारी केलेल्या तुकडीने संशयाने पोखरलेल्या जगज्जेत्याला हरवले. माणूस श्रेष्ठ की यंत्र, हा प्रश्न त्यानंतरही साडेनऊ वर्षे खुला होता आणि तो मिटला डिसेंबर 2006 मध्ये, जर्मनीतील बॉन शहरात, तेव्हाचा जगज्जेता व्लादिमिर क्रॅमनिक याच्या डीप फ्रिट्झ या प्रोग्रामकडून झालेल्या पराभवाने. तो सामना आज फारसा कुणाला आठवत नाही. कोणता सामना निर्णायक मानायचा यावर यंत्र नेमके कशाच्या बळावर जिंकले याचे उत्तर ठरते, म्हणून ही तारीख नीट लावली पाहिजे.

मूळ प्रश्न मांडला तो अमेरिकन गणिती क्लॉड शॅननने. 1950 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने यंत्राला बुद्धिबळ शिकवण्याचे दोन मार्ग सांगितले. पहिल्या मार्गात ठरावीक खोलीपर्यंतची प्रत्येक चाल, तिला येणारे प्रत्येक उत्तर, त्याला येणारे प्रत्युत्तर असे सगळेच तपासायचे. दुसऱ्या मार्गात एखाद्या कसलेल्या खेळाडूप्रमाणे बहुतेक चाली आधीच बाजूला सारून मोजक्याच आशादायक फांद्या खोलवर पाहायच्या. पहिला मार्ग मूर्खपणाचा वाटावा असाच होता, कारण शक्य असलेल्या डावांची संख्या शॅननच्याच अंदाजाने एकावर 120 शून्ये इतकी होती. त्यामुळे सुरुवातीच्या संशोधकांचा ओढा दुसऱ्या मार्गाकडे राहिला. हर्बर्ट सायमन आणि अ‍ॅलन न्यूएल यांनी 1958 च्या सुमारास दहा वर्षांत संगणक जगज्जेता होईल असे भाकीत केले. माजी जगज्जेता आणि पेशाने विद्युत अभियंता असलेल्या मिखाईल बोट्विनिकने माणसासारखा विचार करणारा प्रोग्राम घडवण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घातली. दहा वर्षे सरली तरी सायमनचा जगज्जेता दिसेना. तेव्हा 1968 मध्ये स्कॉटिश खेळाडू डेव्हिड लेव्हीने पुढील दहा वर्षांत कोणताही संगणक आपल्याला सामन्यात हरवू शकणार नाही अशी पैज जॉन मॅकार्थीसारख्या नामवंत संशोधकांशी लावली. 1978 मध्ये टोरांटोत चेस 4.7 या प्रोग्रामला साडेतीन विरुद्ध दीड गुणांनी हरवून त्याने ती जिंकलीही.

पण पैज जिंकली जात असतानाच वारे फिरले होते. चेस 4.7 चे कर्ते, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले स्लेट आणि अ‍ॅटकिन, यांनी 1973 मध्येच निवडक शोधाचा नाद सोडून सरसकट सगळ्या चाली तपासण्याचा मार्ग धरला होता. निवड करणारा प्रोग्राम नेमकी हवी असलेली चाल टाकून देई आणि एका डावात एकदा जरी असे झाले तरी सगळे मुसळ केरात जाई. सरसकट तपासणारा प्रोग्राम दोन-तीन चालींतला सापळा कधीच चुकवत नसे. केन थॉम्प्सन आणि जो काँडन यांनी बेल प्रयोगशाळेत बेल हे खास बुद्धिबळासाठी बनवलेले यंत्र उभे केले आणि 1983 मध्ये त्याने मास्टरचा दर्जा मिळवला. कार्नेगी मेलन विद्यापीठात तैवानहून आलेल्या फेंग-श्युंग शू या विद्यार्थ्याने चाली शोधणारे संपूर्ण यंत्र एकाच चिपवर बसवले. मरे कॅम्पबेल आणि भारतीय वंशाचा थॉमस अनंतरामन यांच्या साथीने त्यातून डीप थॉट तयार झाला. 1988 मध्ये त्याने बेंट लार्सन या नामांकित ग्रँडमास्टरला स्पर्धेच्या डावात हरवले आणि पुढच्या वर्षी लेव्हीलाही चार-शून्य असे नमवले. कास्पारोव्हपुढे मात्र त्याची मात्रा चालली नाही. ऑक्टोबर 1989 मध्ये न्यूयॉर्कला झालेले दोन्ही डाव कास्पारोव्हने सहज जिंकले. शू आणि कॅम्पबेल आयबीएमच्या नोकरीत गेले आणि तिथे डीप ब्लू जन्मला.

मधल्या काळातली लंडनची घटना मला फार बोलकी वाटते. 1994 मध्ये जलद बुद्धिबळाच्या स्पर्धेत चेस जीनियस या साध्या वैयक्तिक संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामने कास्पारोव्हला बाहेर काढले. त्याच प्रोग्रामला त्याच स्पर्धेत विश्वनाथन आनंदने दोन्ही डावांत हरवले. यंत्राशी कसे खेळावे, कोणत्या प्रकारच्या स्थितीत त्याला न्यावे, हे एक वेगळे कौशल्य होते आणि ते जगज्जेत्याकडे सर्वांत जास्त असेलच असे नव्हते. फेब्रुवारी 1996 मध्ये फिलाडेल्फियात डीप ब्लूने पहिलाच डाव जिंकून खळबळ उडवली, कारण पूर्ण वेळेच्या डावात विद्यमान जगज्जेत्यावर यंत्राने मिळवलेला तो पहिला विजय होता. पण कास्पारोव्हने स्वतःला सावरले, यंत्राच्या उणिवा हेरल्या आणि सामना चार-दोन असा जिंकला. उणिवा हेरण्यासाठी त्याला पाच डाव मिळाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

न्यूयॉर्कला ती संधीच त्याला नीट मिळाली नाही. नव्या डीप ब्लूचे डाव त्याला अभ्यासासाठी मिळाले नाहीत. त्याचे स्वतःचे सगळे डाव मात्र छापील होते आणि आयबीएमने जोएल बेंजामिन, मिगेल इयेस्कास यांच्यासारखे ग्रँडमास्टर त्यावर कामाला लावले होते. दोन डावांच्या मधल्या वेळेत प्रोग्राममध्ये फेरफार करण्याची नियमांनीच मुभा दिली होती. यात बेकायदेशीर काही नव्हते, अटी कास्पारोव्हने मान्य केल्या होत्या. मात्र अनोळखी प्रतिस्पर्ध्यापुढे त्याने जो डावपेच निवडला तो त्याच्या अंगलट आला. सुरुवातीला नेहमीच्या वाटा टाळायच्या आणि यंत्राला त्याच्या भरलेल्या ज्ञानाबाहेर काढायचे असे त्याने ठरवले. तिसऱ्या डावात तर त्याने वजिरासमोरचे प्यादे एकच घर पुढे सरकवून सुरुवात केली, जे त्याच्या दर्जाचा खेळाडू एरवी स्वप्नातही करणार नाही. आक्रमक, सिद्धांतात पारंगत असा हा खेळाडू स्वतःच्या बळाच्या जागा सोडून लढत होता.

पहिला डाव त्याने जिंकला. त्या डावाच्या अखेरीस, 44व्या चालीला, डीप ब्लूने हत्तीची एक निरर्थक वाटणारी चाल केली. कॅम्पबेलने पुढे सांगितले त्याप्रमाणे ती प्रोग्राममधील दोषामुळे घडली होती. कास्पारोव्हच्या गोटात मात्र या चालीमागे फार दूरचे काही पाहिले असावे असा समज झाला. दुसऱ्या डावात यंत्राने 36व्या चालीला वजीर आत घालून प्यादी मटकावण्याची संधी नाकारली, प्याद्यांची अदलाबदल केली आणि पुढच्या चालीला आपला उंट पटाच्या मधोमध आणून प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही. लोभ आवरून प्रतिकाराची वाट बंद करणे हे तोवर माणसाचे लक्षण मानले जाई. कास्पारोव्ह हादरला आणि 45व्या चालीनंतर त्याने डाव सोडला. दुसऱ्या दिवशी त्याला कळले की अखेरच्या स्थितीत सतत शह देत राहून डाव बरोबरीत सोडवण्याची वाट विश्लेषकांना सापडली आहे. आयुष्यात क्वचितच हरणाऱ्या माणसाने न हरलेला डाव हरला म्हणून सोडून दिला होता, तोही प्रतिस्पर्ध्याला काहीतरी अलौकिक दिसते आहे या भीतीने. पुढचे तीन डाव बरोबरीत सुटले, पण तो सावरलाच नाही. शेवटच्या डावात त्याने कारो-कान बचाव निवडला आणि सातव्या चालीला हत्तीच्या बाजूचे प्यादे अशा वेळी पुढे केले की पांढऱ्याला घोड्याचे बलिदान देऊन राजाची वाट अडवता यावी. ते बलिदान बुद्धिबळाच्या पुस्तकांत होतेच, पण यंत्र स्वतःच्या हिशोबाने घोडा फुकट देणार नाही असा अंदाज होता. डीप ब्लूने घोडा दिला, कारण ती चाल त्याच्या प्रारंभीच्या चालींच्या साठ्यात आधीच भरलेली होती. इतिहासातल्या सर्वाधिक गाजलेल्या डावाचा निकाल लावणारी खेळी अशा रीतीने माणसांनीच यंत्राच्या पोटात घातलेली होती.

इथे दोन आक्षेप येतात आणि ते परस्परविरोधी आहेत. पहिला खुद्द कास्पारोव्हचा. दुसऱ्या डावात कुणा माणसाने हस्तक्षेप केला असावा असे त्याने सुचवले, यंत्राच्या नोंदी मागितल्या, पुन्हा सामना मागितला. माझा मुद्दा या संशयावर मुळीच उभा नाही. आयबीएमने नोंदी पुढे प्रसिद्ध केल्या आणि ज्या चालींनी कास्पारोव्हची झोप उडवली त्या आजच्या घरगुती प्रोग्रामला फारसा विचार न करता सापडतात. 2017 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात कास्पारोव्हने स्वतःच आपले अनेक आरोप मागे घेतले. त्याला तसे करायला वीस वर्षे लागली, तरीही हे त्याच्या मोठेपणाचेच लक्षण मानले पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मनाची घालमेल, थकवा, चुकीचा डावपेच हे सगळे खेळाचेच भाग आहेत, यंत्राला भीती वाटत नाही हेच त्याचे बळ, मग हरणाऱ्याच्या मनःस्थितीचा हिशोब का करायचा? सामन्याच्या निकालापुरते हे बरोबर आहे. बक्षिसाची रक्कम विजेत्याला गेली आणि ती योग्यच गेली. पण आपण विचारतो आहोत तो प्रश्न सामन्यापेक्षा मोठा आहे. सर्वोत्तम माणूस, पुरेशी माहिती आणि थंड डोके घेऊन बसला, तर यंत्रापुढे टिकतो की नाही? सहा डावांनी याचे उत्तर दिले नाही आणि ते मिळवण्याची सोय आयबीएमने राहू दिली नाही. कंपनीने परतीचा सामना नाकारला, यंत्र मोडीत काढले आणि त्याचे भाग अमेरिकेतल्या दोन संग्रहालयांत गेले. ज्या यंत्राने मानवजातीला हरवले म्हणून सांगतात ते त्यानंतर एकाही कसलेल्या खेळाडूशी खेळले नाही.

1997 मध्ये खरोखरच निकाल लागला असे मानले, तर पुढच्या सहा वर्षांचा इतिहास समजूच शकत नाही. ऑक्टोबर 2002 मध्ये बहारीनला क्रॅमनिक डीप फ्रिट्झशी आठ डाव खेळला. या वेळी प्रोग्रामची प्रत त्याला आधी अभ्यासायला मिळाली होती. पहिल्या चार डावांनंतर तो तीन-एक असा पुढे होता. लवकर वजीर उडवायचा, पट शांत करायचा आणि जिथे मोजणीपेक्षा दूरची योजना महत्त्वाची ठरते अशा स्थितीत यंत्राला न्यायचे, हा त्याचा मार्ग होता. नंतरचे दोन डाव तो हरला, एक घोडचुकीने आणि एक अतिसुंदर पण चुकीच्या बलिदानाने, आणि सामना चार-चार असा सुटला. 2003 च्या सुरुवातीला कास्पारोव्ह डीप ज्युनियरशी तीन-तीन असा बरोबरीत राहिला, त्याच वर्षअखेरीस एक्स थ्री डी फ्रिट्झशी दोन-दोन असा. या शेवटच्या सामन्यातला तिसरा डाव 1997 ला निर्णायक मानणाऱ्या प्रत्येकाने पाहायला हवा. कास्पारोव्हने प्याद्यांची भिंत उभी करून पट बंद केला आणि मग पटाच्या एका बाजूने सावकाश चाल केली. यंत्राला काय करावे हे सुचेचना. मोहरी पुढे आणायची, परत न्यायची, पुन्हा पुढे आणायची, अशा त्याच्या निरर्थक येरझारा चालल्या आणि कास्पारोव्हने तो डाव जवळजवळ कोणत्याही प्रतिकाराशिवाय जिंकला. सेकंदाला लाखो स्थिती तपासणाऱ्या प्रोग्रामला, ज्या धोक्याला प्रत्यक्षात यायला वीस-पंचवीस चाली लागतात, तो दिसतच नव्हता. 1997 नंतर सहा वर्षांनी हे घडत होते.

चित्र पालटले ते नंतर आणि ते झपाट्याने पालटले. 2004 आणि 2005 मध्ये स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात प्रोग्रामांच्या तुकड्यांनी जागतिक दर्जाच्या ग्रँडमास्टरांना दोन्ही वेळा स्पष्ट फरकाने हरवले. जून 2005 मध्ये लंडनला इंग्लंडचा अव्वल खेळाडू मायकेल अ‍ॅडम्स हायड्रापुढे सहा डावांत फक्त अर्धा गुण मिळवू शकला. हायड्रा हे खास बनवलेले, महागडे यंत्र होते, म्हणून त्यावरही कुणी शंका घेऊ शकेल. बॉनला ती शंका उरली नाही. नोव्हेंबर 2006 च्या अखेरीस तिथे डीप फ्रिट्झशी सुरू झालेल्या सामन्यात क्रॅमनिक हा एकमेव, निर्विवाद जगज्जेता होता. प्रोग्राम त्याला आधी दिला होता. यंत्र आपल्या भरलेल्या सुरुवातीच्या चालींत असेपर्यंत त्याच्यापुढे तो साठा उघडा ठेवला जाई. स्वभावाने तो शांत होता, यंत्राशी कसे खेळायचे याचा त्याला बहारीनचा अनुभव होता. न्यूयॉर्कला जे-जे कास्पारोव्हला मिळाले नव्हते ते सगळे इथे क्रॅमनिकच्या पदरात होते. तरीही तो चार विरुद्ध दोन असा हरला आणि सहापैकी एकही डाव त्याला जिंकता आला नाही.

इथेही प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. दुसऱ्या डावात, चांगल्या स्थितीत असताना, क्रॅमनिकने वजीर हलवला आणि पुढच्याच चालीत होणारी मात त्याला दिसली नाही. जगज्जेत्याच्या हातून घडलेली ही चूक बुद्धिबळाच्या इतिहासात अपवादात्मक आहे. मग बॉनचा निकालही माणसाच्या चुकीनेच लागला असे का म्हणू नये? म्हणावे, पण मग तो डाव वगळूनच हिशोब करावा. उरतात पाच डाव: चार बरोबरीत आणि शेवटचा, जो क्रॅमनिकला सामना वाचवण्यासाठी जिंकावाच लागणार होता, तो यंत्राने सरळ, निर्दोष खेळून जिंकलेला. बंद स्थितीत मोहरी येरझारा घालणारा फ्रिट्झ तीन वर्षांत कुठल्या कुठे गेला होता. न्यूयॉर्कच्या सहा डावांत मात्र कास्पारोव्हच्या वाट्याला आलेल्या दोन पराभवांपैकी एक डाव बरोबरीचा असताना सोडलेला आणि दुसरा भरलेल्या चालीने संपलेला. दोन्ही पराभव बाजूला ठेवले तर तो सामना माणसाकडे झुकतो. बॉनचा सामना घोडचुकीचा डाव वगळून मोजला तरी यंत्राकडेच झुकतो.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा मात्र एका आकड्यात आहे. डीप ब्लू 480 खास चिपांच्या बळावर सेकंदाला 20 कोटींपर्यंत स्थिती तपासत असे. बॉनला क्रॅमनिकला हरवणारा डीप फ्रिट्झ बाजारात मिळणाऱ्या साध्या प्रोसेसरांवर चालत होता आणि सेकंदाला सुमारे 80 लाख स्थिती पाहत होता. पंचवीस पटींनी कमी पाहणारे यंत्र अधिक तयारीच्या, अधिक निवांत जगज्जेत्याला अधिक फरकाने हरवते, हे कसे? मधल्या काळात प्रोग्रामरांनी कोणती फांदी मध्येच तोडायची, कोणती खोलवर पाहायची आणि स्थितीला किंमत कशी लावायची हे शिकून घेतले होते. शॅननचा दुसरा मार्ग, जो 1973 मध्ये निकामी म्हणून सोडून दिला गेला होता, तो वेगळ्या रूपाने परत आला होता. डीप ब्लूमध्येही काही फांद्या अधिक खोलवर पाहण्याची सोय होती, पण त्याचे मुख्य भांडवल वेगच होते. म्हणून 1997 ला निर्णायक मानणारा माणूस यंत्राचा विजय हा अफाट बळाचा, पैशाचा आणि आकाराचा विजय समजतो. 2006 ला निर्णायक मानणाऱ्याला त्यात निवडीचा आणि पारखीचा विजय दिसतो. पुढचा इतिहास दुसऱ्या वाचनाच्या बाजूने आहे. 2009 मध्ये मोबाइल फोनवर चालणाऱ्या पॉकेट फ्रिट्झ 4 ने ब्यूनोस आयर्समधली एक स्पर्धा दहापैकी साडेनऊ गुणांनी जिंकली. 2017 च्या अखेरीस अल्फाझीरो या प्रोग्रामने केवळ नियमांवरून, स्वतःशीच खेळत, बुद्धिबळ शिकून तेव्हाच्या बलाढ्य स्टॉकफिशला शंभर डावांत एकही डाव न हरता मागे टाकले आणि हे करताना तो प्रतिस्पर्ध्यापेक्षा शेकडो पटींनी कमी स्थिती तपासत होता.

मग लोकांच्या लक्षात न्यूयॉर्क का राहिले आणि बॉन का नाही? कास्पारोव्ह हा नाट्याचा माणूस होता. एका बलाढ्य अमेरिकन कंपनीने प्रसिद्धीवर मुक्तहस्ते खर्च केला होता आणि न्यूजवीकने सामन्याआधीच मुखपृष्ठावर ही मेंदूची अखेरची लढाई असल्याचे जाहीर करून टाकले होते. निकालाची कथा निकालाआधीच लिहून तयार होती. बॉनला असे काही नव्हते. जगाने निकाल आधीच मनात लावलेला असल्याने तो प्रत्यक्ष लागला तेव्हा कुणी वळून पाहिले नाही. बुद्धिबळाच्या आतल्या जगाला मात्र तो नेमका कळला होता. बॉनच्या काही आठवडे आधीच रशियातील एलिस्ता इथे क्रॅमनिक आणि टोपालोव्ह यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात, क्रॅमनिक वारंवार स्वच्छतागृहात जातो या तक्रारीवरून सामना मोडायची वेळ आली. 1997 मध्ये यंत्रामागे माणूस लपला आहे का असा संशय होता, 2006 मध्ये माणसामागे यंत्र लपले आहे का असा.

बॉननंतर कोणत्याही विद्यमान जगज्जेत्याने बरोबरीच्या अटींवर यंत्राशी असा सामना खेळलेला नाही. बुद्धिबळ मात्र थांबले नाही. दोन वर्षांनी, ऑक्टोबर 2008 मध्ये, बॉनच्या त्याच सभागृहात क्रॅमनिक पुन्हा बसला, या वेळी समोर तोवर जगज्जेता झालेला आनंद होता. आनंदने तरुणपणापासून संगणकाचा उपयोग सरावासाठी केला होता आणि स्पेनमधल्या लेऑनला संगणक हाताशी घेऊन खेळण्याच्या स्पर्धा त्याने अनेकदा जिंकल्या होत्या. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना तिसऱ्या आणि पाचव्या डावात त्याने वजिराच्या बाजूच्या सुरुवातीतली एक धारदार, गुंतागुंतीची वाट काढली. त्याच्या सहकाऱ्यांनी महिनोन्महिने यंत्रांच्या मदतीने ती तपासली होती. समोर बसलेल्या क्रॅमनिकला मात्र घड्याळ चालू असताना, एकट्याला, ती सोडवायची होती. ते दोन्ही डाव आनंदने जिंकले, सहावाही जिंकला आणि साडेसहा विरुद्ध साडेचार गुणांनी जगज्जेतेपद राखले.